बोर्डोसाठी कोणता चुना घ्यावा? कळी, पावडर आणि फक्कीची पारख

बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना पाण्यात मिसळून केलेलं बुरशीनाशक. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर सांगलीच्या मार्केट यार्डात, तासगाव, पलूस, कवठे महांकाळच्या कृषी केंद्रांत मोरचुदाबद्दल बागायतदार दहा प्रश्न विचारतो. कंपनी कोणती, दाणा केवढा, तांबं किती टक्के. चुन्याला मात्र एकही प्रश्न नसतो. "आणि दोन किलो चुना टाका" एवढ्यावर विषय संपतो. प्रत्यक्षात बोर्डो बिघडतं ते बहुतेक वेळा चुन्यामुळे. मोरचूद वर्षभर ठेवलं तरी फारसं बदलत नाही. चुना दुकानातल्या उघड्या पोत्यात पंधरा दिवसांत दुसराच पदार्थ होऊन बसतो. म्हणून ही पारख चुन्याची.

बाजारात तो तीन रूपांत मिळतो. पहिला गोट्यांचा कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साईड. दुसरी बंद पिशवीतली पांढरी पावडर, जिच्यावर 'हायड्रेटेड लाईम' असं छापलेलं असतं. ती कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजे कारखान्यातच पाणी देऊन विरवलेला चुना. तिसरी फक्की, मैदानावर रेघा मारायला वापरतात ती. निकाल आधीच सांगतो: बोर्डोसाठी ताजी कळी पहिल्या नंबरची, बंद पिशवीतली ताजी पावडर दुसरी, आणि फक्की बागेच्या फाटकातून आत आणूच नये.

कळी तयार होते चुनखडी भाजून. सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळी उरते. ती स्वस्थ बसणारी वस्तू नाही. हवेतलं पाणी ओढून ५६ किलोची ७४ किलो होते, तेव्हा ती विरलेला चुना झालेली असते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत पुन्हा १०० किलो चुनखडी होते, भट्टीत जायच्या आधी होती तशीच. म्हणजे उघड्या पोत्यातल्या चुन्याचं वजन वाढत जातं आणि ताकद उतरत जाते. गिऱ्हाईक जास्त वजनाचे पैसे देतो आणि कमी चुना घरी नेतो.

दुकानात पारख करायला दोन मिनिटं लागतात. गोटा हातात घ्यायच्या आधी हात कोरडा आहे ना ते बघा, घामेजलेला असेल तर हातमोजा घाला. चांगली कळी आकारमानाच्या मानाने हलकी लागते, कारण भाजताना निम्म्याच्या जवळपास वजन निघून गेलेलं असतं. त्याच मापाचा एखादा गोटा जड लागला तर त्याच्या पोटात न भाजलेला दगड आहे. फोडून बघा: चांगला गोटा आतपर्यंत एकसारखा पांढरा दिसतो आणि कोरड्या खडूसारखा फुटतो. मधोमध राखाडी, टणक, चमकणारी गाठ असेल तर तो कच्चा. उलट बाहेरून पिवळट-तपकिरी आणि काचेसारखा घट्ट झालेला गोटा जास्त भाजलेला असतो. तोही नको, कारण तो पाण्यात तासन्‌तास गप्प पडून राहतो आणि फवारणीच्या दिवशी त्याचे कण नोझलमध्ये अडकतात. पोत्याच्या तळाला किती भुगा आहे तेही बघावं. मुठीभर भुगा चालतो, पण अर्धं पोतं भुगा झालं असेल तर हवा आत शिरून बरेच दिवस झाले. नागौर जिल्ह्यातल्या गोटनचा किंवा कटनीचा चुना आहे, असं दुकानदार कौतुकाने सांगतो. ती दोन्ही गावं चुन्यासाठी खरोखर प्रसिद्ध आहेत, पण गोटनहून निघालेला गोटा इथे तीन महिने पडून असेल तर गावाच्या नावाचा काय उपयोग?

पोत्यावर मानक छापलेलं असेल तर वाचा. आयएस ७१२ हे बांधकामाच्या चुन्याचं मानक आहे, आयएस १५४० रसायन उद्योगाच्या चुन्याचं. ७१२ मध्येही वर्ग असतात. 'सी' वर्गाचा फॅट लाईम चालेल. 'ए' वर्गाचा चुना पाण्याखाली घट्ट होणारा, सिलिका आणि माती असलेला असतो. गवंड्याला तो हवा, द्राक्षवाल्याला नको.

खरी परीक्षा घरी. १०० ग्रॅम बारीक केलेली कळी, ४०० मिली साधं पाणी, स्टीलचं उभं भांडं, शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणि डोळ्यांना गॉगल. आधी पाण्याचं तापमान बघून ठेवा, मग चुना टाकून लाकडी काडीने सावकाश ढवळा. तीन मिनिटांच्या आत पारा ४० अंशांनी चढला तर चुना उत्तम. तीन ते सहा मिनिटं लागली तर मध्यम. सहा मिनिटांनीही ४० अंश चढला नसेल तर ते पोतं परत करा. हे बघण्यासारखं असतं. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. गोट्याच्या कणांतून नुसते बारीक बुडबुडे निघतात. मग एकदम चर्रर्र आवाज येतो, कण तडकतात, वाफ उठते आणि भांड्याला हात लावणं अवघड होतं. मेलेल्या चुन्यात यातलं काहीच घडत नाही. तो वाळूसारखा तळाशी बसून राहतो.

दुसरी परीक्षा लिंबाची. विरलेला आणि पूर्ण थंड झालेला चुना चमचाभर बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. नुसता विरघळू लागला तर ठीक. फसफसून फेस आला तर त्यात चुनखडी परत तयार झाली आहे, किंवा कच्चा दगड दळून मिसळला आहे. जितका फेस, तितकी भेसळ किंवा म्हातारपण. फक्कीवर हा प्रयोग केला की ती बोर्डोला का चालत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता विरवण्याकडे वळू, कारण धोका इथेच आहे आणि सगळ्यात जास्त हलगर्जीही इथेच होते. एक किलो कळी विरताना सुमारे ११४० किलोज्यूल उष्णता सोडते. साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. म्हणजे प्रमाण चुकलं तर भांड्यात चूल नसताना उकळी फुटते. किलोला चार लिटर पाणी हे प्रमाण धरा: २८ अंशांचं पाणी ९५ च्या आसपास जातं, रटरटतं, पण अंगावर उडत नाही. दोन लिटरमध्ये तोच चुना टाकला तर पाणी उकळून वाफेबरोबर चुन्याचे शिंतोडे वर फेकतं, आणि ते नेमके वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतात. उलट किलोला दहा लिटर थंड पाणी एकदम ओतलं तर पाणी पंचवीस-सत्तावीस अंशच तापतं, चुना 'बुडतो', जाड रवाळ राहतो आणि पानाला चिकटत नाही. बारीक, चिकट, लोण्यासारखा चुना हवा असेल तर विरताना पाणी चांगलं तापलंच पाहिजे.

क्रम असा: भांड्यात आधी पाणी, मग सुपारीएवढे फोडलेले गोटे तीन हप्त्यांत, लांब दांड्याच्या लाकडी फळीने ढवळत. चुन्याच्या ढिगावर वरून तांब्याने पाणी शिंपडायची जुनी रीत अजून दिसते. ती सोडून द्यावी. अपुऱ्या पाण्यात ढिगाच्या पोटाचं तापमान शंभराच्या बरंच वर जातं, आणि तिथे पाण्याची पुढची धार पडली की स्फोटासारखी वाफ येते. गरम असेपर्यंत झाकण घट्ट लावू नका. रात्रभर मुरू द्या, सकाळी बारीक नायलॉन जाळीतून किंवा दुहेरी फडक्यातून गाळा. जाळीवर उरलेला गाळ वाळवून तोला. एक किलोमागे शंभर ग्रॅमच्या वर खडे निघाले तर पुढच्या वेळी दुकान बदला.

भांड्याचं वेगळं सांगतो, कारण इथे गल्लत होते. चुना लोखंडी घमेल्यात विरवला तर काही बिघडत नाही. मोरचूद मात्र लोखंडात किंवा जस्ताच्या बादलीत कधीच नाही: तांबं भांड्यावर बसतं आणि लोखंड द्रावणात उतरतं. ॲल्युमिनियमचं पातेलं दोन्हींसाठी बाद. ओला चुना ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, जो पेटतो. पातळ प्लास्टिकची बादली विरवताना मऊ पडून वाकते. जाड पिंप चालतं.

ज्यांची बाग एकराहून मोठी आहे त्यांना आमचा सल्ला आहे की दर फवारणीला दोन किलो आणण्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीला ताजं २५ किलोचं पोतं एकदम विरवून ठेवा. २०० लिटरच्या जाड पिंपात १०० लिटर पाणी घालून, सावकाश, पाच-पाच किलो करून. पंचवीस किलो चुन्यातून दोनेक किलो सुक्या लाकडाएवढी उष्णता बाहेर पडते, हे लक्षात ठेवून घाई करू नका. गार झाल्यावर वर चार बोटं पाणी राहील असं ठेवून झाका. पाण्याखालच्या चुन्याला हवा लागत नाही, त्यामुळे तो महिनोन्‌महिने मरत नाही, उलट आणखी बारीक होतो. एक किलो कळीचा साधारण अडीच ते पावणेतीन किलो लोण्यासारखा चुना मिळतो. मग हंगामभर गोदामात जिवंत कळी ठेवायची जोखीमच उरत नाही. पिंपाला जाळी आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं झाकण मात्र हवंच.

बोर्डोचं प्रमाण एक टक्क्याला 'एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी' असं पाठ असतं. पण रसायनाचा हिशेब केला तर एक किलो मोरचुदाला शुद्ध कळी फक्त २२५ ग्रॅम लागते, शुद्ध हायड्रेटेड पावडर ३०० ग्रॅम. बाकीचा चुना धरलेला असतो तो भेसळ, खडे आणि म्हातारपण यांच्यापोटी. त्यामुळे चांगली कळी हाती आली आणि डोळे मिटून किलोला किलो ओतला तर मिश्रण जास्त अल्कधर्मी होतं, पानांवर पांढरे डाग बसतात आणि तांबं उशिरा काम करतं. कमी पडला तर त्याहून वाईट: मोकळं तांबं कोवळी पानं जाळतं. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा सामू (पीएच) बघा. मोरचूद ५० लिटरमध्ये, चुन्याचं गाळलेलं पाणी ५० लिटरमध्ये, दोन्ही गार. मग तिसऱ्या पिंपात दोन्ही धारा एकदम, ढवळत. पण चुन्याचं थोडं पाणी हातचं राखा आणि सामू ७ ला किंवा किंचित वर येईपर्यंत शेवटी थोडं थोडं घाला. निळा लिटमस लाल होत असेल तर अजून चुना हवा. कागद नसेल तर घासून लख्ख केलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे. रंग आकाशी हवा, हिरवट नको. चुना गरम असतानाच ओतला तर निळ्याचं काळपट होतं. तांब्याचा हायड्रॉक्साईड तापून काळा ऑक्साईड होतो आणि ते मिश्रण वाया जातं. तयार बोर्डो त्याच दिवशी संपवा, शिळ्यात कण मोठे होतात आणि पानाला धरत नाहीत. त्यात दुसरं कीडनाशकही घालू नका, पुष्कळ औषधं अल्कलीत मोडतात.

१८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर हे मिश्रण मांडलं. आज जत-आटपाडीच्या डाळिंबात तेल्या रोगावर आणि खोडाला लावायच्या दहा टक्के पेस्टमध्येही तेच आहे. एवढ्या वर्षांत त्याची कृती फारशी बदललेली नाही.

पावडरीबद्दल थोडक्यात. तिचा मोठा गुण म्हणजे ती विरवावी लागत नाही, उकळी नाही, शिंतोडे नाहीत. घरात लहान मुलं असतील किंवा फवारणी मजुरावर सोपवलेली असेल तर आम्ही पावडरच घ्या म्हणू. खोट एवढीच की ती मेली आहे हे नुसतं बघून कळत नाही. लिंबाची परीक्षा प्रत्येक पिशवीला करा आणि पिशवी आतून प्लास्टिकची, शिवणीला अखंड असलेलीच घ्या. किमतीचा हिशेबही फसवा असतो. समजा कळी १४ रुपये किलो आणि ८५ टक्के जिवंत आहे: खरा चुना साडेसोळा रुपये किलो पडला. पावडर ११ रुपये, तीही ८५ टक्के चांगली. पण तिच्यात पाणीही जोडलेलं असल्यामुळे कळीच्या हिशेबाने ती ६४ टक्केच भरते, म्हणजे सतरा रुपये. स्वस्त दिसलेली पिशवी महागात गेली. शिवाय कळीऐवजी पावडर वापरायची असेल तर वजन १.३२ पट धरा.

हाच चुना साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला टनामागे दीड-दोन किलोच्या आसपास लागतो, आणि कराडकडच्या गुऱ्हाळात भेंडीच्या रसाबरोबर काहिलीत पडतो. तिथेही जास्त झाला की गूळ काळा पडतो. पोलाद, पाणी शुद्धीकरण, कॅल्शियम कार्बाइड, सगळीकडे तो आहे. गुऱ्हाळासाठी घेत असाल तर खाद्य वापराचाच, वेगळ्या पोत्यातला घ्या. शेतीच्या पोत्यातला नको.

सगळ्यात जास्त जपायचे ते डोळे. ॲसिडपेक्षा चुन्याची इजा वाईट असते, कारण अल्कली डोळ्याच्या आत मुरत जाते आणि चुन्याचा कण पापणीखाली बसून तासन्‌तास जाळत राहतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून मुलांनी डोळे गमावल्याचे प्रकार नेत्ररुग्णालयांना चांगले परिचित आहेत, आणि ती पुडी तर विरलेल्या, थंड चुन्याची असते. डोळ्यात गेला तर त्याच क्षणी, त्याच जागी, साध्या पाण्याने धुवायला लागा, निदान अर्धा तास, पापण्या बोटांनी उघड्या धरून. वरची पापणी उलटून तिथला कण ओल्या कापसाने काढा. लिंबू, व्हिनेगर, तूप, दूध काहीही घालू नका. धुणं थांबवून गाडी शोधायला जाऊ नका. आधी धुवा, मग सांगली-मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तडक न्या आणि डॉक्टरांना 'चुना' हा शब्द सांगा. कातडीवर कोरडा चुना पडला तर आधी कोरड्या फडक्याने झटका, कपडे काढा, मग भरपूर पाणी. थोडं पाणी लागलं तर तो तिथेच तापतो. हमालाच्या घामेजलेल्या खांद्यावरचं पोतं हेच करतं, म्हणून खांद्यावर जाड कोरडं कापड आणि पूर्ण बाह्या हव्यात. गॉगल बाजूंनी बंद असलेलाच हवा, चष्मा पुरत नाही. रबरी हातमोजे, धुळीचा मास्क, आणि गमबूट असतील तर पँट बुटाच्या बाहेर. आत खोचली की पडलेला चुना बुटात साठतो.

कळी स्वतः पेटत नाही, पण शेजाऱ्याला पेटवते. पावसाळ्यात पत्र्यातून थेंब गळून पोतं भिजलं की ते फुगतं, फाटतं आणि तापतं. बारदान, भुसा, डिझेलचं फडकं जवळ असेल तर धूर निघतो. द्राक्षबागेच्या गोदामात भुरी रोगासाठी गंधक असतंच, ते चुन्याच्या खोलीत नको. अमोनियम सल्फेटही नको, ओल लागली की चुना त्यातून अमोनिया वायू सोडवतो आणि बंद खोलीत उभं राहता येत नाही. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, गळत नसलेल्या छपराखाली ठेवा. तापलेल्या पोत्यावर बादलीभर पाणी मारणं सगळ्यात चुकीचं. कोरडी वाळू टाका, आजूबाजूचं सामान हलवा.

जाळीवर उरलेला गाळ ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका. आपल्याकडच्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त आहेत, त्यामुळे तो बागेत पसरूनही फायदा नाही, उलट लोह आणि जस्त झाडाला मिळायचं आणखी कमी होतं. बांधाबाहेर एक लहान खड्डा काढून त्यात टाकावा आणि वर माती ओढावी. विरायचे राहिलेले जास्त भाजलेले खडे त्यात असतील, म्हणून पहिले आठ-दहा दिवस त्या खड्ड्यावर कचरा पेटवू नका आणि जनावरं तिकडे फिरकू देऊ नका.